वेम्ब्लीवरील पाऊस : १९६८ चा चॅलेंज कप

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर आणि लँकशायर ह्या परगण्यांत रग्बी लीग हा खेळ शंभराहून अधिक वर्षे खेळला जात आहे. कोळशाच्या खाणी, लोकरीचे कारखाने आणि सूतगिरण्या ह्यांच्या सावलीत तो वाढला. आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी तो प्रत्यक्ष पाहिला असेल. तथापि त्याच्या इतिहासातील एका हंगामाची कथा येथे मांडावी असे आम्हांस वाटते. माणसाचे मोजमाप त्याच्या आयुष्यभराच्या कामावरून करावयाचे की एका क्षणावरून, हा प्रश्न त्या हंगामाने लोकांपुढे ठेवला आणि लोकस्मृतीने त्याचे उत्तर फार घाईने दिले.

खेळाचा जन्मच मुळी एका न्याय्य मागणीतून झाला. त्या काळी रग्बीचे नियमन लंडनमधील मंडळींच्या हाती होते. खेळासाठी पैसे घेणे त्यांना निषिद्ध वाटे. शनिवारी सामना खेळण्यासाठी कामावर खाडा करणाऱ्या खाणकामगाराची मजुरी बुडत असे, आणि तेवढीच भरून द्यावी, असे उत्तरेकडील क्लबांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात ह्या क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी ‘नॉर्दर्न युनियन’ ही स्वतंत्र संघटना स्थापन केली. १९२२ साली तिला ‘रग्बी लीग’ हे नाव मिळाले. १९०६ पासून प्रत्येक संघात पंधराऐवजी तेरा खेळाडू खेळू लागले.

१८९६-९७ च्या हंगामात ह्या संघटनेने चॅलेंज कप ही बाद पद्धतीची स्पर्धा सुरू केली. लीड्समधील हेडिंग्ली मैदानावर २४ एप्रिल १८९७ रोजी झालेल्या पहिल्या अंतिम सामन्यात बॅटलीने सेंट हेलन्सचा १०-३ असा पराभव केला. १९२९ पासून अंतिम सामना लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर होऊ लागला. ज्या लंडनशी भांडून संसार वेगळा थाटला, त्याच लंडनला वर्षातून एकदा गाड्या भरभरून जाणे, हा उत्तरेच्या कामगारवस्त्यांचा जणू वार्षिक सण झाला.

साखळी स्पर्धेत अनेक शनिवारांची बेरीज होते; आज हरलेला संघ पुढल्या आठवड्यात भरपाई करू शकतो. कपाचे तसे नाही. चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरतात, आणि हरणाऱ्याचे त्या वर्षापुरते दार बंद होते. ह्या कठोर नियमामुळेच लहान गावाच्या संघालाही बलाढ्य संघाला नमविण्याची आशा राहते. त्या नियमाची दुसरी, निर्दय बाजू १९६७-६८ च्या हंगामात दिसून आली.

त्या हंगामात यॉर्कशायरमधील दोन शेजारी संघ अंतिम सामन्यात पोहोचले. लीड्सचा संघ साखळीच्या तक्त्यात अग्रस्थानी होता. त्याचे प्रशिक्षक रॉय फ्रान्सिस हे वेल्समधील कृष्णवर्णीय गृहस्थ. ब्रिटनमधील व्यावसायिक खेळांत कृष्णवर्णीय प्रशिक्षक ही गोष्टच तेव्हा नवी होती. दुसरा संघ वेकफील्ड ट्रिनिटी. उपान्त्य फेरीत हडर्सफील्डशी बरोबरी झाल्याने त्यांना तो सामना पुन्हा खेळावा लागला होता. अंतिम सामन्याच्या आदल्याच आठवड्यात त्यांनी हल किंग्स्टन रोव्हर्सवर १७-१० अशी मात करून त्या वर्षीचे अजिंक्यपद मिळविले होते. आता कप जिंकला की दुहेरी मान पदरी पडणार होता.

वेकफील्डपुढे एक अडचण होती. त्यांचा भरवशाचा किकर नील फॉक्स दुखापतीमुळे खेळू शकत नव्हता. ह्याच नीलने १९६० च्या अंतिम सामन्यात एकट्याने २० गुण केले होते. त्याच्या जागी गोलच्या किका मारण्याचे काम त्याचा थोरला भाऊ डॉन फॉक्स ह्याच्याकडे आले. शार्ल्स्टन ह्या खाणकामगारांच्या खेड्यातील फॉक्स कुटुंबाने ह्या खेळाला पीटर, डॉन आणि नील असे तीन पुत्र दिले. डॉनने आधी फेदरस्टोन रोव्हर्सकडून खेळताना १६२ ट्राय केले, हा त्या क्लबचा विक्रम ठरला. ग्रेट ब्रिटनच्या संघातही त्याला स्थान मिळाले. तो १९६५ मध्ये वेकफील्डला आला आणि दोनच वर्षांनी, १९६७ साली, फेदरस्टोनने वेम्ब्लीवर कप जिंकला. डॉनच्या वाट्याला तो आनंद आला नाही.

११ मे १९६८ रोजी वेम्ब्लीवर ८७,१०० प्रेक्षक जमले होते. मुसळधार पावसाने मैदानावर तळी साचली. खेळाडू घसरत, पाणी उडवीत धावू लागले. म्हणूनच हा सामना इतिहासात ‘वॉटरस्प्लॅश फायनल’ म्हणून ओळखला जातो. गुणांची रीत येथे सांगितली पाहिजे. लंबगोल चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकविला की ‘ट्राय’ होतो. त्याचे तेव्हा ३ गुण मिळत. त्यानंतर चेंडू जमिनीवर ठेवून गोलखांबांमधून, आडव्या दांडीवरून मारता आला तर आणखी २ गुण. प्रतिपक्षाच्या नियमभंगाबद्दल मिळालेल्या पेनल्टी किकचेही तेवढेच.

मध्यंतराला वेकफील्ड ७-४ असे पुढे होते. केन हर्स्टचा एक ट्राय आणि डॉन फॉक्सचे दोन गोल एवढी त्यांची कमाई. लीड्सचे चारही गुण बेव्ह रिस्मनच्या दोन पेनल्टी किकांचे. उत्तरार्धात लीड्सच्या जॉन ॲटकिन्सनला अडविल्याचा निर्णय देऊन पंचांनी पेनल्टी ट्राय बहाल केला. अशा मैदानावर असा निर्णय योग्य होता काय, हा वाद पुढे बराच काळ चालला. रिस्मनने त्यावर गोल केला आणि अखेरीस आणखी एका पेनल्टीने लीड्सची आघाडी ११-७ झाली. लीड्सच्या पाठीराख्यांनी विजय गृहीत धरला. एवढ्यात, पुन्हा खेळ सुरू होताच हर्स्टने पाण्यातून घसरणारा चेंडू पायाने पुढे ढकलीत नेला आणि गोलखांबांमध्येच ट्राय केला. गुण ११-१०. उरली फक्त एक किक, तीही खांबांच्या थेट समोरून.

डॉन फॉक्सने चेंडू ठेवला, पावले मोजली आणि धाव घेतली. चेंडू पायावर नीट बसला नाही. तो उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. डॉन डोके धरून ओल्या मैदानावर खाली बसला आणि सामना संपला. दूरदर्शनवर सामन्याचे वर्णन करणारे एडी वेअरिंग ह्यांच्या तोंडून त्याच्यासाठी कणवेचे शब्द निघाले. ते चित्र पुढे कित्येक वर्षे पुन:पुन्हा दाखविले गेले.

सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूला दिला जाणारा लान्स टॉड करंडक त्या दिवशी डॉन फॉक्सलाच मिळाला. पत्रकारांनी आपली मते शेवटच्या किकपूर्वीच दिली होती. ही गोष्ट बहुधा नियतीची थट्टा म्हणून सांगितली जाते. आम्हांस ती तशी वाटत नाही. निकाल लागण्यापूर्वी, केवळ खेळ पाहून दिलेला तो निर्णय होता. वेकफील्डच्या दहा गुणांपैकी चार डॉनने मिळविलेले होते, आणि त्या चिखलात दिवसभर सर्वांत चांगला कोण खेळला ह्याचा तो प्रामाणिक निवाडा होता. त्यानंतरच्या काही क्षणांनी त्यातील एक अक्षरही खोटे ठरत नाही.

अन्याय एकट्या डॉनवर झाला असेही नाही. त्याच पाण्यात, तोच जड झालेला चेंडू रिस्मनने चार वेळा खांबांमधून मारला आणि त्या आठ गुणांवर लीड्सचा विजय उभा राहिला. आज त्या चार किका किती जणांना आठवतात? हर्स्टचे दोन ट्राय, फ्रान्सिस ह्यांनी घडविलेला संघ, पंचांचा तो वादग्रस्त निर्णय, हे सारे एका चुकलेल्या किकेखाली गाडले गेले. बाद पद्धतीची स्पर्धा निकाल देते. तो तिने द्यावा, त्याशिवाय कप कोणाच्या हाती द्यावयाचा? परंतु तो निकाल संघाच्या त्या दुपारचा असतो. त्याला एका माणसाच्या सबंध कारकिर्दीचा निकाल समजणे ही पाहणाऱ्यांची चूक आहे.

वेकफील्डच्या नावावर त्या वर्षीचे अजिंक्यपद कायम राहिले. डॉन फॉक्स २००८ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी निवर्तला, आणि त्याच्या निधनाच्या वृत्तांतही तीच किक पुढे आली. इतिहास लिहिणाऱ्याने ती लपवू नये, ती घडली. मात्र तिच्याशेजारी १६२ ट्राय, दोन गोल आणि एक करंडक ह्यांचीही नोंद करावी. खाणीतल्या मजुराच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब मागत जो खेळ जन्मास आला, त्याच्या खेळाडूच्या श्रमांचा हिशेब तरी पुरा मांडला जावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.