पाणी उपसलं कसं, तेही विचारा

दूषित जागेवर निरीक्षण विहीर खोदली की काम संपलं, असं समजू नका. १९८० मध्ये अमेरिकेत सुपरफंड कायदा आला. तेव्हाची रूढ रीत अशी: विहिरीतल्या साचलेल्या पाण्याच्या तिप्पट-पाचपट पाणी उपसायचं, मग नमुना घ्यायचा. पण जोरात उपसलं की गाळ ढवळतो, त्याला चिकटलेले धातू नमुन्यात येतात आणि नसलेलं प्रदूषण दिसतं. बेलर हिंदकळला की बाष्पनशील रसायनं उडतात. असलेलं प्रदूषण लपतं. १९९६ मध्ये पल्स आणि बार्सिलोना यांनी ईपीएसाठी संथ उपशाची पद्धत लिहिली: मिनिटाला साधारण ०.१ ते ०.५ लिटर; पीएच, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन स्थिरावल्यावरच बाटली भरायची. म्हणून जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करण्याआधी दोन्ही वेळची उपशाची रीत तपासा. नाहीतर पद्धतीतला बदल तुम्ही पाण्यातला बदल म्हणून लिहाल.