टोबॅगोचें राखीव अरण्य

अरण्य राखावें ही बुद्धि मनुष्यास बहुधा अरण्यप्रेमानें होत नाहीं. अवर्षणाच्या भयानें होते. वेस्ट इंडीजमधील टोबॅगो बेटाचा इतिहास याची साक्ष देतो. १७६३ सालीं हें बेट इंग्रजांच्या हातीं आलें आणि उंसाच्या मळ्यांसाठीं तेथील झाडी तुटूं लागली. वृक्षांचा पर्जन्याशीं संबंध असतो, हा स्टीफन हेल्स या शास्त्रज्ञाचा विचार सोम जेनिन्स या पार्लमेंटच्या सभासदानें उचलून धरला. आणि १७७६ सालीं डोंगरमाथ्यावरील वन पावसाच्या रक्षणार्थ राखून ठेवण्याचा कायदा झाला.

परंतु त्या पावसावर पोसणारे मळे गुलामांच्या श्रमांवर चालत होते. झाडांस कायद्याचें अभय मिळालें. माणसांस पूर्ण स्वातंत्र्य मिळण्यास १८३८ साल उजाडावें लागलें! हा विसंवाद इतिहासकारानें झांकूं नये.

पुढें साखरेचे ते मळे लयास गेले. अरण्य मात्र राहिलें. १९६३ च्या ‘फ्लोरा’ वादळानें तें उद्ध्वस्त केलें, तेव्हां पांढऱ्या शेपटीचा एक चिमुकला गुंजनपक्षी तेथून नष्ट झाला असें मानलें गेलें. १९७४ सालीं तो पुनः आढळला. ज्यांनीं हें वन राखलें, त्यांच्या हिशेबांत या पांखराला जागा नव्हती. वनांत मात्र ती होती.