होस्टेड पेलोड म्हणजे काय? सरकारी यंत्र खासगी उपग्रहावर का बसवतात?

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण आणि तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश बहुतेकांना माहीत आहेत. पण त्याच भागात नारायणगावजवळच्या आर्वीत त्याआधीच एक मोठी डिश उभी राहिली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी फोन आर्वीच्या विक्रम उपग्रह भूकेंद्रातून इंटेलसॅटच्या उपग्रहामार्फत जायचे. भारताचा पहिला उपग्रह आर्यभट्ट १९७५ चा. म्हणजे स्वतःचा उपग्रह नव्हता, तेव्हा आपण दुसऱ्यांच्या उपग्रहावरचे चॅनल वापरत होतो.

आता जगभरातली सरकारं याच्याही एक पाऊल पुढे गेली आहेत. चॅनल भाड्याने घेण्याऐवजी ती आपलं अख्खं यंत्रच कंपनीच्या उपग्रहावर बसवतात. याला म्हणतात होस्टेड पेलोड.

सोप्या भाषेत सांगायचं तर…

नारायणगावहून टोमॅटो भरून वाशीला निघालेला टेम्पो डोळ्यांसमोर आणा. गाडीत थोडी जागा शिल्लक आहे. तुम्ही तुमचे चार क्रेट त्यात ठेवता आणि तेवढ्यापुरतं भाडं देता. अख्खी गाडी करायची गरज नाही. पण गाडी कधी सुटणार आणि कुठे थांबणार, हे गाडीमालकच ठरवणार.

उपग्रहाचंही तसंच आहे. प्रत्यक्ष काम करणारं उपकरण, म्हणजे कॅमेरा, ट्रान्सपाँडर किंवा सेन्सर, हा झाला पेलोड. त्याला वीज देणारा, त्याची दिशा सांभाळणारा आणि त्याला जागेवर ठेवणारा सांगाडा म्हणजे बस. होस्टेड पेलोडमध्ये बस कंपनीची असते आणि एक उपकरण सरकारचं असतं.

सरकारला फायदा काय?

पहिला फायदा पैशांचा. अख्खा उपग्रह आणि अख्खं रॉकेट यांचा खर्च वाचतो. दुसरा वेळेचा, कारण टीव्ही आणि इंटरनेटसाठी कंपन्यांचे उपग्रह तसेही जातच असतात. तिसरा जागेचा. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर कक्षेत जागा मोजक्या आहेत, आणि कंपनीकडे त्यातली एक आधीच असते.

कुणी कुणी केलंय?

• ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण खात्याने २०१२ मध्ये इंटेलसॅट-२२ वर आपला रेडिओ पेलोड बसवला. हा उपग्रह ७२ अंश पूर्व रेखांशावर आहे. जुन्नरहून पाहिलं तर जवळजवळ सरळ दक्षिणेला.
• नासाने २०१८ मध्ये एसईएस-१४ वर गोल्ड हे वरच्या वातावरणाचा अभ्यास करणारं उपकरण पाठवलं.
• २०२३ मध्ये इंटेलसॅट ४०ई वर नासाचं टेम्पो गेलं. ते उत्तर अमेरिकेतलं हवेचं प्रदूषण दिवसा दर तासाला मोजतं.

भारतात काय झालं?

आपल्याकडे सोबत जाण्याची कल्पना जुनी आहे, फक्त गाडीमालकही सरकारच होतं. १९८३ च्या इन्सॅट-१बी वर दूरसंचार, टीव्ही आणि हवामानाचा कॅमेरा असं सगळं एकत्र होतं. १९९९ च्या इन्सॅट-२ई मध्ये तर उलटा प्रकार झाला. त्यावरचे काही ट्रान्सपाँडर इंटेलसॅटनेच आपल्याकडून भाड्याने घेतले.

पण एकत्र राहण्यात तडजोड असते. इन्सॅटवरच्या हवामान कॅमेऱ्याचा काही भाग खूप थंड ठेवावा लागायचा. म्हणून एका बाजूला सौर पॅनलच लावलं नाही आणि तोल सांभाळायला तिथे लांब दांड्यावर सौर शीड बसवलं. पुढे कल्पना-१ (२००२) आणि इन्सॅट-३डी (२०१३) हे खास हवामानासाठीच बनवले गेले.

विमानांना अचूक मार्गदर्शन करणारी गगन यंत्रणा मात्र सुरुवातीला खरोखरच बाहेरच्या कंपनीच्या उपग्रहावर होती. तिच्या चाचण्यांसाठी इनमारसॅटच्या उपग्रहावरचा पेलोड वापरला गेला. आज गगनचे पेलोड जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ या आपल्याच उपग्रहांवर आहेत.

मग अडचण कुठे येते?

गाडी बंद पडली की क्रेटही अडकतात. एप्रिल २०१० मध्ये गॅलेक्सी-१५ हा खासगी उपग्रह आज्ञा ऐकेनासा झाला आणि जागा सोडून पूर्वेकडे सरकू लागला. त्याच्यावर गगनसारख्याच अमेरिकन यंत्रणेचा, वासचा, पेलोड होता. पेलोड ठणठणीत, पण त्याला वाहणारा उपग्रहच भरकटलेला! डिसेंबरमध्ये उपग्रह पुन्हा ताब्यात आला. गोल्डचंही तसंच. रॉकेट ठरलेल्या मार्गावरून भरकटलं आणि एसईएस-१४ ला जागेवर पोहोचायला उशीर झाला. त्यात गोल्डची काहीच चूक नव्हती.

शिवाय कंपनीचं वेळापत्रक कुणासाठी थांबत नाही. सरकारी उपकरण वेळेत तयार झालं नाही, तर उपग्रह त्याच्याविना जाऊ शकतो.

जुन्नर-आंबेगावला याचं काय?

दोन गोष्टी. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं आणि दीडशेच्या आसपास माणसं दगावली. ढगांची चित्रं आणि दुर्गम भागातल्या काही स्वयंचलित पर्जन्यमापकांचे आकडे उपग्रहामार्फत येतात. पावसाळ्यात ही माहिती कुणा तिसऱ्याच्या बिघाडामुळे थांबणं परवडणारं नाही. म्हणून अशी सेवा दुसऱ्याच्या उपग्रहावर ठेवायची, तर दुसरी सोय तयार हवी.

दुसरी गोष्ट खोडदची. भोवतालच्या डोंगरांमुळे जमिनीवरचा रेडिओ गोंगाट अडतो, आकाशातून येणारा अडत नाही. गगनचा एक सिग्नल ११७६ मेगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि जीएमआरटी १०५० ते १४५० मेगाहर्ट्झमध्येही ऐकते. उपग्रह कंपनीचा आहे की सरकारचा, याने दुर्बिणीला फरक पडत नाही. पेलोड कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, याने पडतो.

त्यामुळे होस्टेड पेलोडची बातमी वाचताना किती पैसे वाचले एवढंच पाहू नका. उपग्रह बिघडला तर आज्ञा कोण देणार, दुसरी सोय काय आणि करारात ते लिहिलंय का, हेही पाहा.