निरोगी दिसणाऱ्याचे रक्त

हत्तीरोग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सुजलेला, जड झालेला पाय उभा राहतो. ज्याचा पाय सुजला तो रोगी, ज्याचा धड तो निरोगी, असा आपला साधा हिशेब. या रोगाचा इतिहास चाळला म्हणजे हा हिशेब किती फसवा आहे ते कळते.

१८६३ साली पॅरिसमध्ये दमार्के या शस्त्रवैद्याला अंडवृद्धीच्या पाण्यात सूक्ष्म कृमी दिसले. १८६६ साली ब्राझीलमध्ये वुखेररला ते लघवीत आढळले आणि १८७२ साली कलकत्त्यात टिमथी लुइसने ते माणसाच्या रक्तातच दाखवले. ही सारी पिले होती. १८७६ साली ब्रिस्बेनच्या जोसेफ बँक्रॉफ्टला त्यांची केसासारखी बारीक, बोटभर लांब मादी सापडली. पुढच्याच वर्षी चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सनने, रक्तात हे कृमी असलेल्या आपल्या माळ्याला रात्री डास चावू दिले आणि त्या डासांच्या शरीरात कृमी वाढताना पाहिले.

परंतु एक कोडे उरले. ज्यांच्या रक्तात ही पिले रोज रात्री लाखोंनी फिरत, त्यांतले पुष्कळजण खुशाल कामधंदा करीत. आणि ज्यांचे पाय हत्तीसारखे झाले, त्यांच्या रक्तात बहुधा एकही पिलू मिळत नसे. हा उलटा न्याय कसा?

उत्तराची पहिली खूण १९७७ साली मिळाली. एरिक ऑटेसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण पॅसिफिकमधील लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून त्यांना या कृमींचा अर्क दिला. ज्यांच्या रक्तात पिले नव्हती त्यांच्या पेशी खवळून उठल्या. ज्यांच्या रक्तात होती त्यांच्या पेशी स्वस्थ राहिल्या. पेशी दुबळ्या होत्या म्हणावे, तर इतर जंतूंच्या अर्काला त्या नीट उत्तर देत होत्या. म्हणजे पहारेकरी जागा होता. या एकाच चोराकडे मात्र त्याने पाठ फिरवली होती.

पुढच्या संशोधनाने कारण उलगडले. कृमी असे पदार्थ स्रवतात की, आपल्याच शरीरातील, दाह आवरणाऱ्या पेशी वाढतात. त्या इंटरल्यूकिन-१० नावाचा शामक पदार्थ सोडतात. प्रतिपिंडांतही आयजीजी-४ हा सौम्य प्रकार वाढतो आणि तो तीव्र प्रतिपिंडांची वाट अडवतो. अशा तहावर कृमी वर्षानुवर्षे सुखाने नांदतो. हा तह काहींच्या शरीरात टिकत नाही. तेथे दाह उसळतो, मेलेल्या कृमींची आणि वरून शिरलेल्या जिवाणूंची भर पडते, लसिकावाहिन्या निकामी होतात आणि पाय सुजतो.

ही कथा आपल्यापासून दूरची नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागाला हत्तीरोग जुना परिचित आहे. २००४ सालापासून देशात रोगग्रस्त जिल्ह्यांतून सरसकट सर्वांना गोळ्या देण्याची मोहीम सुरू झाली. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले आणि फार आजारी माणसे तेवढी वगळली जातात. दारी आलेल्या सेविकेला आपण सांगतो, "आम्हांला काही झालेले नाही." पण काही न झालेल्या माणसाच्या रक्तावरच डास पोसतो आणि शेजाऱ्याला रोग देतो! गोळीनंतर कोणाला ताप आला, चक्कर आली, की आपण उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर टाकतो. वास्तविक तो त्रास बहुधा कृमी मरत असल्याचा आणि पहारेकरी पुन्हा उठल्याचा असतो.

शरीराची शांतता म्हणजे आरोग्य नव्हे, एवढे या दीडशे वर्षांच्या शोधातून आपण शिकलो तरी पुरे. पुढच्या वेळी गोळी हाती आली, तर ती आपल्या पायासाठी नसली तरी शेजाऱ्याच्या पायासाठी गिळावी.