परातीच्या गोतातला धातू

फ्युएल सेलबद्दल वाचताना ‘प्लॅटिनम’चं मूळ पाहायला कोश उघडला आणि थेट स्वयंपाकघरात पोचलो. कणीक मळायची परात आणि हा महागडा धातू एकाच गोतातले निघाले!

कोलंबियातल्या चोको भागात सोनं वेचणाऱ्या स्पॅनिशांना वाळूत पांढुरके, वितळता न वितळणारे कण सापडत. त्यांनी हेटाळणीनं नाव दिलं ‘प्लातिना’, म्हणजे चिल्लर चांदी. अंतोनियो दे उयोआच्या 1748च्या प्रवासवर्णनात ते भेटतं. ‘प्लाता’ म्हणजे चांदी, त्याआधी धातूचा पत्रा, आणि त्याच्याही मागे बोलीलॅटिनमधला ‘प्लात्तुस’, म्हणजे सपाट. पोर्तुगीजांनी याच सपाटाची ‘प्रातु’, म्हणजे जेवणाची ताटली केली. तीच गोव्याच्या वाटेनं आपली परात झाली, असं माझं ठाम मत.

विरोधी पक्ष म्हणतो, परात ‘पात्र’वरून आली. ऐकायला गोड आहे. पण प्राकृतात ‘पात्र’चं ‘पत्त’ होतं, ‘र’ गळतो. गळलेला ‘र’ पुन्हा उगवून ‘त’च्या आधी कसा बसला? ‘प्रातु’त तो आयताच तिथे आहे. सुरुवातीचं जोडाक्षर फोडायची आपल्या जिभेला खोडच आहे. ‘क्रुझ’चा कोकणीत ‘खुरीस’ झाला. शिवाय घमेलं आणि बादलीही पोर्तुगीजच, म्हणजे परात एकटी आली नव्हती. ‘प्रातु’ पुल्लिंगी आणि परात स्त्रीलिंगी, एवढं मात्र अडतं. थाळी-ताटलीच्या संगतीनं बदललं असणार.

आता धातू. पेशानं वकील असलेल्या विल्यम ग्रोव्हनं 1842मध्ये प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर हायड्रोजन-ऑक्सिजनची बॅटरी, म्हणजेच फ्युएल सेल, चालवली. आज कार्बनच्या भुकटीवर साधारण 3 नॅनोमीटरचे कण बसवतात. अशा 1 ग्रॅम प्लॅटिनमचं पृष्ठफळ सुमारे 90 चौरस मीटर भरतं. मग आणखी बारीक का नाही? कण लहान झाला की कडा-कोपरे वाढतात, तिथे ऑक्सिजन घट्ट चिकटतो आणि काम रेंगाळतं. 2007मध्ये अमेरिकेत स्टॅमेन्कोविच आणि सहकाऱ्यांनी तीन भाग प्लॅटिनम, एक भाग निकेल अशा स्फटिकाची एक दाट, सपाट बाजू तपासली. आतलं निकेल वरच्या प्लॅटिनमची पकड सैल करतं. ऑक्सिजनच्या अभिक्रियेत ती शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच बाजूपेक्षा 10 पट चपळ ठरली. तेव्हापासून आठ सपाट बाजूंचे नॅनोकण घडवायची धडपड सुरू झाली. पुन्हा सपाट! नावाशी याचा संबंध नाही हे कळतं, तरी हसू येतंच.

वास्को द गामा उतरण्याआधीच्या, म्हणजे 1498पूर्वीच्या मराठीत कुणाला ‘परात’ सापडली, तर जरूर कळवा. ही सोयरीक मी त्याच दिवशी मोडेन.