नदीचं मूळ, नळीचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. मोटारीतल्या पेट्रोलच्या नळीचं कूळ विचारायला कुणाची बंदी नाही, तरी ते कुणी विचारत नाही. ती गळायला लागेपर्यंत तिच्याकडे बघतो कोण? मी विचारत गेलो आणि जर्मनीतल्या एका नदीकाठी जाऊन पोचलो. नळीच्या आतलं रबर त्या नदीकाठचं आणि बाहेरची सुती वेणीही तिथलीच. हा निव्वळ योगायोग नाही, असं माझं म्हणणं आहे. पुढचा सगळा खटाटोप ते पटवण्यासाठी.

आधी वस्तू बघू. जुन्या पोर्श ९११ मध्ये, फोक्सवॅगन बीटलमध्ये आणि त्या काळच्या कितीतरी युरोपीय गाड्यांत पेट्रोलची रबरी नळी बाहेरून काळ्या सुती वेणीत गुंफलेली असायची. नागपूरच्या एका हौशी मित्राच्या गाडीतून काढलेला असा वीतभर तुकडा सावनेरला छिंदवाडा रोडवरच्या एका मिस्त्रीने माझ्यासमोर उभा चिरला. वेणी शाबूत होती. काळा रंग थोडा विटलेला, टोकाशी चार धागे सुटलेले, बस्स. आतलं रबर मात्र नखाने दाबलं तरी दबेना. वाकवलं तसा आडव्या चिरांचा जाळीदार नकाशा उघडला आणि एके ठिकाणी आतला पापुद्रा सुटून जिभेसारखा लोंबत होता. "वरून तं नवाच दिसते ना भाऊ, अन् आतून पार गेला," मिस्त्री म्हणाला. ती जीभ पेट्रोलच्या वाटेत आडवी आली की गाडी वेगात असताना अडखळते. मग लोक कार्बोरेटर साफ करतात, पंप बदलतात, आणि नळी तशीच राहते.

मला भुरळ घातली ती त्या वेणीने. दोऱ्यांची एक फौज उजवीकडे वळत निघालेली, दुसरी डावीकडे, आणि दर पावलाला एकीच्या खालून, दुसरीच्या वरून. हे विणकाम नव्हे. विणकामात ताणा उभा, बाणा आडवा, दोघांचा काटकोन. इथे सगळे दोरे तिरपे. हा गोफ आहे! गोव्यात शिगम्याला, विशेषतः काणकोणकडे, वर टांगलेल्या रंगीत दोऱ्या हातात धरून नाचणारे एकमेकांच्या आतून-बाहेरून जातात आणि वर गोफ विणला जातो. उलट पावलांनी नाचले की तो सुटतो. गोफ घालायचं यंत्र हुबेहूब हेच करतं. नाचणाऱ्यांच्या जागी दोऱ्याच्या रिळी असतात. निम्म्या एका दिशेने, निम्म्या दुसऱ्या दिशेने, नागमोडी खाचांतून धावतात. मधल्या भोकातून नळी वर सरकते आणि अंगावर वेणी घेऊन बाहेर पडते. इंग्रजही अशा यंत्राला त्यांच्याकडच्या 'मेपोल' या खांबाभोवतीच्या नाचाचंच नाव देतात. उलट्या पावलांनी नाचायची सोय तेवढी यंत्रात नाही.

तिरपेपणाला गणित आहे. नळीच्या लांबीच्या रेषेशी दोऱ्याचा कोन साधारण ५४.७ अंश राखला, तर आतून दाब आला तरी नळी लांबतही नाही, आखडतही नाही. कोन कमी-जास्त झाला की दाबाखाली ती जाडावते तरी, नाहीतर ताणली तरी जाते.

आता कुळाचा वाद. सर्वसाधारण समज असा, की पेट्रोलची नळी ही आगीच्या बंबाच्या नळीची धाकटी बहीण. ॲमस्टरडॅमच्या यान व्हान डेर हायडेन या चित्रकाराने (हो, चित्रकारानेच) १६७० च्या दशकात बंबाला चामड्याची लवचीक नळी जोडली. १८२१ मध्ये अमेरिकेत रबराचं अस्तर लावलेल्या सुती नळीचं पेटंट निघालं. कापूस आहे, रबर आहे, नळी आहे. वंशावळ पक्की वाटते. पण बंबाची नळी विणलेली असते, ताण्या-बाण्याची, म्हणून रिकामी झाली की चपटी पडून गुंडाळता येते. आपल्या नळीला ती चैन परवडणारी नाही. ती सदैव गोल हवी. घराणंच वेगळं.

दुसरा दावेदार जास्त रंगतदार आहे. जर्मनीतल्या फोर्झहाइम या दागिने घडवणाऱ्यांच्या गावात हाइनरिश विट्झेनमान याने १८८५ मध्ये एका फ्रेंच कारागिराबरोबर धातूची लवचीक नळी काढली. कल्पना सुचली गळ्यातल्या एका वळणाऱ्या दागिन्यावरून. (आपल्याकडे गळ्यातल्या सोन्याच्या एका दागिन्यालाही गोफच म्हणतात, म्हणून मी क्षणभर डगमगलो होतो.) पण ती नळी पत्र्याची पट्टी गुंडाळून केलेली. तिच्यात वेणी नव्हती आणि रबरही नव्हतं.

माझा दावेदार याहून साधा आहे: बुटाची नाडी. गोफ घालणाऱ्या यंत्राचं पेटंट १७४८ मध्ये मँचेस्टरच्या थॉमस वॉलफोर्डने घेतलं. पण नाड्या, फिती, झालरी आणि लेस यांचं खरं माहेर झालं जर्मनीतलं बार्मेन, वुपर नदीच्या काठावरचं. १८२० मध्ये इथेच फ्रीडरिश एंगेल्सचा जन्म झाला. घरचा धंदा सूत धुण्याचा आणि लेस-फितींचा. भांडवलशाहीवर तुटून पडणारा हा माणूस नाड्यांच्या पैशावर वाढला होता, हे मला नेहमीच गमतीचं वाटत आलंय.

नाडीपासून नळीपर्यंतच्या वाटेत मधला मुक्काम विजेच्या तारेचा. बायकांच्या टोप्यांची कड ताठ राहावी म्हणून सुताने मढवलेली बारीक तार मिळायची. विजेचे सुरुवातीचे प्रयोग करणाऱ्यांनी तीच उचलली, कारण आवरण घातलेली दुसरी तार बाजारात नव्हतीच. पुढे नाड्यांची यंत्रं तारांना गोफ घालू लागली. घरच्या इस्त्रीची कापडी वायर आठवा. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची ती वेणी याच घराण्यातली. तारेच्या जागी पोकळ रबर सरकवलं की झाली पेट्रोलची नळी. ही युक्ती कुणा नामांकित इंजिनिअरला सुचली असेल असं मला वाटत नाही. हंगाम सरल्यावर यंत्रं रिकामी पडलेल्या एखाद्या नाडीवाल्याचंच हे डोकं असणार.

इथवर अर्धं कूळ झालं. रबराकडे वळलो तेव्हा नकाशावरचं बोट पुन्हा वुपरवरच पडलं.

नैसर्गिक रबर आणि पेट्रोल यांचं हाडवैर, आणि तेही जन्मापासूनचं. १८२३ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थात रबर विरघळवलं, दोन कापडांमध्ये ते चोपडलं आणि रेनकोट जन्माला घातला. नॅफ्था पेट्रोलचाच भाऊबंद. ज्यात विरघळून रबर कापडाला चिकटलं, तेच पुढे नळीतून न्यायची पाळी आली. गंधक घालून पक्कं केलेलं रबर विरघळत नाही, पण पेट्रोल पिऊन टम्म फुगतं आणि पोचट होतं. पेट्रोल न पिणारं रबर हवं होतं.

ते शोधणारी बायर कंपनी १८६३ मध्ये निघाली ती बार्मेनमध्येच, रंग करण्यासाठी. शेजारच्या एल्बरफेल्डमधल्या तिच्या प्रयोगशाळेत १८९७ मध्ये ॲस्पिरिन तयार झालं, आणि १९०९ मध्ये फ्रिट्झ हॉफमानने कृत्रिम रबराचं पेटंट घेतलं. (ॲस्पिरिनवाला फेलिक्स हॉफमान निराळा.) हे रबर कामाला सुमारच. पण वाट पडली. कारखाना पुढे लेव्हरकुझेनला गेला, आणि १९३० च्या दशकात एरिश कोनराड आणि एडुआर्ड चुनकुर यांचं नायट्राइल रबर बाजारात आलं. पेट्रोलला दाद न देणारं हे पहिलं भरवशाचं रबर, असं मी तरी म्हणेन. अमेरिकनांना हे रुचणार नाही. ते १९३० च्या निओप्रीनचं नाव पुढे करतील, पण ते पेट्रोलपेक्षा ऊन-वाऱ्याला जास्त तोंड देतं आणि नळीच्या बाहेरच्या थरालाच शोभतं. थायोकॉल हे रबर त्याआधीचं खरं. ते पेट्रोललाही पुरून उरायचं, पण ते जिथे बनायचं, त्या कॅन्सस सिटीतले लोक त्याच्या दुर्गंधीने हैराण झाले होते. त्याला मी भरवशाचं कसं म्हणू?

लेव्हरकुझेन कुठे आहे? वुपर जिथे ऱ्हाईनला मिळते, तिथे.

बार्मेन आणि एल्बरफेल्ड १९२९ मध्ये एक झाले. आजचं वुपरताल ते हेच. नदीच्या डोक्यावरून उलटी टांगलेली रेल्वे तिथे १९०१ पासून धावते. पण सगळ्याचं मूळ त्याच्या कितीतरी आधी, १५२७ मध्ये आहे. त्या वर्षी या दोन गावांना सूत धुऊन पांढरं करण्याचा एकाधिकार मिळाला, कारण वुपरच्या पाण्यात चुना कमी. धुतलेल्या सुताची एक वाट नाड्या-फितींकडे गेली आणि तिच्यातून गोफ आला. दुसरी रंगाऱ्यांकडे गेली. रंगाऱ्यांमागून कोळशाच्या डांबरातून रंग काढणारे रसायनवाले आले, आणि त्यांच्या हातून रबर निघालं. एकाच धोबीघाटाच्या या दोन लेकी चारशे वर्षांनी एका नळीत भेटल्या. या साखळीतली एखादी कडी कच्ची आहे, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. सावनेरात राहून मला ती खरी वाटते, कारण कापूस आणि खाणींतला कोळसा दोन्ही आमच्या एकाच तालुक्यातून निघतात. आमच्या कोलार नदीकाठी मात्र या दोघांची सोयरीक कुणी जुळवली नाही.

आता या लेकींचं म्हातारपण. नायट्राइलमध्ये मऊपणासाठी तेलकट द्रव्यं मिसळलेली असतात. पेट्रोल ती हळूहळू ओढून घेतं. गाडी रोज फिरती असेल तर पेट्रोलच त्यांची जागा भरतं आणि रबर मऊ राहतं. हौसेची गाडी मात्र महिनोन्‌महिने उभी असते. पेट्रोल उडून जातं, रबर आक्रसतं, कडक होतं, चिरतं. त्यात आमचा पंचेचाळीस अंशांचा मे महिना. म्हणून कमी फिरलेली गाडी जास्त संशयास्पद. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीला निघालेली फायबरच्या अंगाची दोन आसनी सॅन स्टॉर्मही आता पंचविशी ओलांडून बसली आहे, आणि आपल्याकडे ई-२० पेट्रोलची विक्री सुरू झाली २०२३ मध्ये. त्यातलं वीस टक्के इथेनॉल जुन्या नायट्राइलला मानवत नाही.

सुती वेणीचा दगा असा, की ती चिरा झाकते. शिवाय वातीसारखं पेट्रोल शोषून पसरवते, त्यामुळे थेंब पडत नाही. नुसता वास येतो आणि वेणी क्लिपेजवळ काळपट, ओलसर दिसते. इंजिन थंड असताना दोन्ही टोकं चिमटीत दाबून बघावीत, क्लिप ढिली करून नळी किंचित फिरवावी. दबत नसेल तर वय संपलं. कार्बोरेटरच्या गाडीत दाब फार तर पाच पीएसआय असतो, तिथे गळतं. जुन्या ९११ च्या के-जेट्रॉनिक इंजेक्शनमध्ये तो सत्तरच्या आसपास, तिथे कारंजं उडतं, तेही तापलेल्या इंजिनावर. बीटलच्या इंजिनांना लागणाऱ्या आगी याच नळीपायी बदनाम आहेत. बदलायच्या तर टाकीजवळच्या आणि परतीच्या आखूड नळ्यांसह सगळ्या एकदम बदलाव्यात, कारण त्या एकाच दिवशी जन्मलेल्या असतात. स्क्रूची क्लिप जीव खाऊन आवळली की तिच्या खाचा सुती वेणीत रुततात आणि धागे तुटतात. कडा गुळगुळीत असलेली क्लिप बरी.

नव्या नळ्यांत गोफ आत गेला आहे, दोन थरांच्या मध्ये. इंजेक्शनसाठीच्या आर-९ दर्जाच्या नळीला सगळ्यात आत फ्लुओरो रबराचं अस्तर असतं, इथेनॉललाही पुरून उरणारं. ते १९५० च्या दशकातलं, अमेरिकेच्या ड्यूपाँटचं. म्हणजे वुपरच्या घराण्यात बाहेरून आलेलं रक्त. जुन्या गाडीला शोभावी म्हणून सुती वेणीची नळी आजही मिळते. ती घेताना दुकानदाराला वेणीचा रंग नंतर विचारावा, आधी आतलं रबर कोणतं ते विचारावं. त्याला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान गाठावं.