घोड्यावरची नर्सबाई



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला आशाताई वही घेऊन आल्या होत्या. गटातल्या एका ताईंच्या सुनेला पाचवा महिना लागला होता आणि नाव अजून नोंदवलेलं नव्हतं. "आधी सांगितलं की नजर लागते," ताई म्हणाल्या. कुणी हसलं नाही, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणींनी हेच केलेलं आहे. तेव्हा मी त्यांना एका नर्सबाईंची हकिगत सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

त्यांचं नाव मेरी ब्रेकिन्रिज. जन्म १८८१ चा, अमेरिकेतला. घराणं मोठं, आजोबा देशाचे उपराष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. पण पंचविशीच्या आसपासच नवरा वारला. मग मेरीबाई न्यूयॉर्कला नर्सिंग शिकल्या आणि १९१० साली पास झाल्या. दुसरं लग्न केलं. मुलगी जन्मली ती काही तासांतच गेली. मुलगा चार वर्षांचा होऊन १९१८ साली गेला. उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या लेकरांसाठी घालवायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्या फ्रान्समध्ये गेल्या. उद्ध्वस्त गावांतल्या मुलांना दूध मिळावं म्हणून त्यांनी पैसे जमवून शेळ्या मिळवल्या.

मायदेशी परतल्यावर त्यांनी केंटकी राज्यातला डोंगराळ भाग निवडला. तिथे धड रस्ते नव्हते, डॉक्टर नव्हता. १९२३ साली त्या घोड्यावर आणि खेचरावर बसून सुमारे हजार किलोमीटर फिरल्या. पन्नासच्या वर सुईणींना भेटल्या. बाळंतपण कसं करता, काय अडचणी येतात, हे विचारून सगळं लिहून घेतलं. दवाखान्याचा विचार त्यानंतरचा. बाळंतपणाचं शिक्षण घेतलेल्या नर्स तेव्हा अमेरिकेत जवळपास नव्हत्याच, म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या लंडनला जाऊन सुईणीचं काम शिकल्या.

१९२५ साली त्यांनी काम सुरू केलं. पुढे त्याला 'फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस' असं नाव पडलं. डोंगरात जागोजागी छोटी केंद्रं उभी राहिली. नर्स घोड्यावर निघायची, खोगिराला दोन पिशव्या, त्यांत बाळंतपणाचं सगळं सामान. पोटुशी बाई नोंदली गेली की दर पंधरा दिवसांनी भेट, सातव्या महिन्यानंतर दर आठवड्याला. बाळंत झाल्यावरही दहा दिवस रोज फेरी. नवरा बोलवायला केंद्रापर्यंत पोचला, तर नर्स त्याच्या घरी पोचलीच पाहिजे, असा दंडक होता. मग नदीला पूर असो की बर्फ पडो. फी पाच डॉलर. रोख नसेल तर मका, वैरण, गोधडी, नाहीतर अंगमेहनत चालायची. त्यामुळे फुकट घेतल्याचा कमीपणा कुणाला वाटत नसे.

याचं फळ काय मिळालं? त्या काळी अमेरिकेत दर हजार बाळंतपणांमागे सहा-सात माता दगावायच्या. या नर्सनी केलेल्या पहिल्या हजार बाळंतपणांचा हिशेब एका विमा कंपनीच्या तज्ज्ञाने तपासला. गरोदरपणाच्या किंवा बाळंतपणाच्या थेट कारणाने त्यांत एकही आई गेलेली नव्हती. हे सिद्ध करता आलं, कारण प्रत्येक भेटीची नोंद होती.

मेरीबाईंचं सगळंच घेण्यासारखं नव्हतं. कृष्णवर्णीय नर्सना त्यांनी आपल्या सेवेत घेतलं नाही, हेही इतिहासात नोंदलेलं आहे. पण कामाला त्या चिवट होत्या. १९३१ साली घोड्यावरून पडून पाठीचा कणा मोडला, तरी काम सोडलं नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्लंडहून आलेल्या नर्स परत निघाल्या. मग १९३९ साली त्यांनी तिथेच शाळा काढली. ती आज विद्यापीठ झाली आहे. १९६५ साली मेरीबाई वारल्या, त्याही त्याच डोंगरात.

मैत्रिणींनो, त्या घोड्यावरच्या नर्सकडे मोठी यंत्रं नव्हती. कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी ती घरात पोचलेली असायची, म्हणून आया वाचल्या. आपल्याकडे नर्सताई, आशाताई दारात येतात. आपण नावच सांगितलं नाही, तर त्या कोणाकडे येणार?

आमच्या ताईंची सून ९ तारखेच्या तपासणीला जाऊन आली. रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. सोबत सासूबाईच गेल्या होत्या. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले, की तुम्हीही एवढं विचारा: कुणाचं नाव नोंदवायचं राहिलंय का?